मेंढपाळांच्या वतीने मी

१२ जून २०२४

नवी वही. आजपासून रोज लिहायचं. निदान महत्त्वाच्या दिवशी तरी.

आज महत्त्वाचा दिवस आहेच. गावच्या वनसमितीवर माझी निवड झाली. पद: मेंढपाळ प्रतिनिधी. पुण्याच्या संस्थेच्या उज्ज्वला मॅडम आल्या होत्या. गावामागच्या टेकडीवर झाडं लावायचा प्रोजेक्ट आहे, पण समितीत सगळ्या घटकांचा समावेश पाहिजे, नाहीतर वरून मंजुरी नाही. महिला झाल्या, भूमिहीन झाले. मग मॅडमनी विचारलं, मेंढपाळ समाजातून कोण? मी हात वर केला.

खोटं काहीच नाही त्यात. आमचं घराणं पिढ्यानपिढ्या मेंढरंवाल्यांचं. आता वडिलांनी मेंढरं विकून बटाटा केला आणि मी विमा एजंट झालो, हे मॅडमनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

खरं म्हणजे तिथं तानूआत्या बसायला पाहिजे होती. वडिलांची चुलत बहीण. गावात आता मेंढरं तिच्याच घरी उरलीत. पूर्वी दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, आता तिच्या नवऱ्याचे, यमाजीमामांचे गुडघे गेले, म्हणून बारा महिने गावातच. पण मीटिंग अकराची. अकराला मेंढरं सोडून ती येणार कशी? आणि येत नाही त्याला प्रतिनिधी कसं करणार?

निर्मलेला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तुम्हाला लोकरीनं शिंका येतात. मी म्हटलं, प्रतिनिधित्व विचारांनी करायचं असतं. ती भाजी निवडत बसली.

२० जून

दुसरी मीटिंग. विषय: चराईबंदी. रोपं जगवायची तर टेकडीला तारेचं कुंपण घालायचं आणि पाच वर्षं आत जनावर सोडायचं नाही. मॅडमनी सगळ्यांदेखत विचारलं, मेंढपाळांची काही हरकत?

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एरवी मी समोरून येताना दिसलो की लोकांना हप्ता आठवतो आणि ते चपला शोधायला लागतात. आज अख्खी ग्रामपंचायत माझ्या तोंडाकडं बघत होती. उठून म्हणालो, मेंढपाळांच्या वतीने मी पूर्ण पाठिंबा जाहीर करतो. टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या.

खाली बसल्यावर आठवलं की पाझर तलाव टेकडीच्या पलीकडं आहे आणि आत्याची मेंढरं रोज टेकडीवरूनच पाण्याला जातात. पण बसलेला माणूस लगेच परत उठला की बरं दिसत नाही. शिवाय चहा आला होता.

निश्चय: उद्या आत्याकडं जाऊन शांतपणे समजावून सांगणे.

२१ जून

पाहुणे आले. जमलं नाही.

२२ जून

मंचरला क्लायंट. दिवसभर हायवेच्या ट्रॅफिकमध्ये.

२३ जून

रविवार. रविवारी गंभीर विषय काढू नये.

१९ जुलै

मध्ये लिहिणं झालं नाही. कुंपण मात्र झालं. चकचकीत तार, सरळ खांब. आत्याला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं, पण कुंपण दिसल्यावर तिला आपोआप कळलं.

आज ती घरी आली. दारातच बसली, घोंगडी मांडीवर. मला लागोपाठ शिंका. ती निर्मलेला म्हणाली, पोराला हळद घालून दूध दे गं, सर्दी झालीया. मी बावन्न वर्षांचा आहे.

मग विचारलं, भगू, मेंढरं पाण्याला कुटनं न्यायाची रं? मी घसा साफ करून प्रोजेक्टची पार्श्वभूमी सांगायला लागलो. निर्मला मध्येच म्हणाली, आत्या, हे मेंढपाळांचे प्रतिनिधी झालेत ना. आत्या एवढी हसली की पदर तोंडात धरला. म्हणाली, ह्यो? कोकरानं पाय चाटला तर चार दिस माळ्यावरनं खाली उतरला न्हवता, ह्यो आमचा पुढारी! हसून झाल्यावर मात्र म्हणाली, बरं झालं बाबा. आपला माणूस आत हाय म्हंजी घोर न्हाई. तू सांगितलंच असशील समद्यांना आमचं.

मी चहाच्या कपात बघत होतो.

तिचं म्हणणं, सध्या उसाच्या कडेनं लांबचा वळसा घालून जावं लागतं. मेंढरं दमतात, मामांचे गुडघे दुखतात, आणि उसात बिबट्या असतो. मी म्हटलं, काळजी करू नको, कुंपणाला फाटक करून घेतो, जुन्या वाटेवरच. आठ दिवसांत.

रात्री जेवण गेलं नाही. वांगं तिखट होतं बहुतेक.

२ ऑगस्ट

फाटकासाठी मंचरला शफी वेल्डरकडं जाणार होतो. पण आधी फाटकावरच्या पाटीचा मजकूर ठरवायला हवा. घाईघाईत चुकीचा मजकूर गेला की आयुष्यभर तसाच राहतो.

१४ ऑगस्ट

मजकूर ठरला. वर 'वनराई सर्वांची, सर्वांचे स्वागत आहे'. खाली 'आत प्रवेश करण्यास सक्त मनाई'.

२७ ऑगस्ट

शफी वेल्डर माणूस चांगला, फक्त प्रश्न फार विचारतो. म्हणाला, भाऊ, स्वागत आन मनाई एकाच पाटीवर? मी म्हटलं, धोरण आहे ते. म्हणाला, मग मोठ्या अक्षरात कुठलं घेऊ? मी म्हटलं, दोन्ही सारख्याच, समानता पाहिजे. त्यानं मान हलवली. जाता जाता म्हणाला, भाऊ, फाटक तर मी परवाच देतो, लोखंड पडलंय, पाटी नंतर लावू की. मी म्हटलं, नको, एकदमच द्या. अर्धवट काम मला चालत नाही.

आत्या रोज उसाच्या कडेनं जाते. मी दुचाकीवरून येताना मळ्याच्या वाटेनं येतो म्हणजे ती दिसत नाही. पेट्रोल जास्त जातं.

२३ सप्टेंबर

फाटक बसलं! कुलूप मजबूत. चावी माझ्याकडं. राखणदार सोपान म्हणाला, साहेब, मी दिवसभर हितंच असतो, माझ्याकडं ठेवा. नाही दिली. चावी ही जबाबदारी आहे, आणि जबाबदारी प्रतिनिधीचीच. शिवाय पितळेची आहे, छान वजनदार.

निश्चय: रोज सकाळी सहाला स्वतः जाऊन फाटक उघडणे. मेंढरं गेली की कुलूप, संध्याकाळी परत. फिरणं पण होईल. पोट कमी होईल.

२४ सप्टेंबर

सहाला गेलो. आत्या, मामा, मेंढरं, सगळी फाटकातून गेली. फक्त वाटेनं जायचं, चरायचं नाही, हा नियम मीच मोठ्यानं वाचून दाखवला. यमाजीमामा म्हणाले, मेंढरांना पुन्हा एकदा वाचून दावा, काहींना ऐकू आलं न्हाई. मला राग आला नाही. मी अकरा वेळा शिंकलो आणि आनंदात घरी आलो. आयुष्यात असे दिवस थोडे येतात.

२९ सप्टेंबर

सात वाजले. रात्री झोप नीट लागली नव्हती.

११ ऑक्टोबर

नऊ. आत्या थांबली होती, मेंढरं कुंपणाला चिकटून उभी. म्हणाली, असू दे, तुला कामं असत्यात. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ ऑक्टोबर

लवकर गेलो, साडेआठला. कुणीच नव्हतं. थांबून थांबून वळशानंच गेले असावेत. म्हणजे मी उघडायला गेलो होतो, हे नोंदवून ठेवतो.

१८ नोव्हेंबर, पुणे

दोन दिवसांचं वर्कशॉप. हॉटेलात खोली, जेवणात पनीर. विषय: 'सामाजिक समावेशन आणि रेझिलियन्स'. रेझिलियन्सला मराठी शब्द सुचवा म्हणाल्या उज्ज्वला मॅडम. कुणी लवचिकता म्हणालं, कुणी चिवटपणा. मी रात्री निर्मलेला फोन करून विचारलं, कितीही काही झालं तरी माणूस तसाच उभा राहतो त्याला काय म्हणतात? ती म्हणाली, कोडगेपणा. तिला या विषयातलं फार कळत नाही.

१९ नोव्हेंबर, पुणे

माझं भाषण. 'आमच्या टेकडीवरचं सर्वसमावेशक फाटक.' भारावून बोललो. बोलताना हात खिशात गेला आणि हाताला काहीतरी जड लागलं.

चावी.

दोन दिवस चावी माझ्या खिशात, पुण्यात. पुढं काय बोललो आठवत नाही. टाळ्या पडल्या. सोपानला फोन करून कुलूप तोड म्हणणार होतो. पण कुलूप प्रोजेक्टचं. तोडलं तर लेखी कारण द्यावं लागणार, आणि कारणात चावी कुठं होती ते येणार. एक दिवसाचा तर प्रश्न, असा विचार केला. तीन वाजता आइस्क्रीम होतं.

२० नोव्हेंबर

काल सकाळी ऊसतोड चालू असलेल्या फडाच्या कडेनं आत्या मेंढरं नेत होती. फड तुटायला लागला की बिबटे बिथरतात, हे इथं पोराटोरांना माहीत आहे. एक गाभण मेंढी उचलून नेली. मामा काठी घेऊन धावले आणि बांधावरून पडले. हाताला प्लास्टर. वनखात्याची माणसं येऊन पंचनामा करून गेली.

निर्मलेनं हे सगळं मी पाणी पीत असतानाच सांगितलं. मग विचारलं, चावी कुठं होती? मी म्हटलं, ती बघ, खुंटीवर. खुंटीवर होती खरीच. तेव्हाच अडकवली होती.

भेटायला जायला पाहिजे. कुठल्या तोंडानं जाऊ?

२१ नोव्हेंबर

गेलो. केळी घेऊन गेलो. मामांनी भिंतीकडं कूस बदलली. आत्या म्हणाली, तू परवा कुटं व्हतास रं? मी म्हटलं, पुण्याला, तुमच्याच कामासाठी. ती म्हणाली, व्हय का. मग एक केळ सोलून मलाच दिलं. ते केळ मी तिथं बसून पूर्ण खाल्लं. असं केळ पुन्हा कधी खायला लागू नये.

निश्चय, आणि हा पक्का: दुसरी चावी करून आत्याच्या हातात देणे. विषय संपला.

४ डिसेंबर

चावी झाली. मंचरला बसस्टँडजवळ एक जण बसतो, त्यानं घासून दिली. आता फक्त नेऊन द्यायची.

५ डिसेंबर

मॅडमचा फोन. फेब्रुवारीत दिल्लीहून पाहणीला लोक येणार, समावेशनाचं काही ठळक दाखवता येईल का? मी म्हटलं, 'चावी प्रदान सोहळा' ठेवू. मेंढपाळ भगिनीच्या हाती फाटकाची चावी! मॅडम एवढ्या खूश झाल्या की त्यांनी फोनवरच तारीख ठरवली.

निर्मला म्हणाली, ती चावी आत्ताच्या आत्ता देऊन या. मी म्हटलं, देणं वेगळं, प्रदान करणं वेगळं. आधीच दिली तर त्या दिवशी काय देणार? ती म्हणाली, मग त्या दिवशी परत मागून घ्या आणि पुन्हा द्या. हा फसवणुकीचा प्रकार झाला. मी असलं करत नाही.

चावीला लाल रिबीन बांधून कपाटात ठेवली. तोपर्यंत मूळ चावीनं मी रोज सकाळी सहाला उघडणारच आहे.

९ जानेवारी २०२५

थंडी फार. सहाला अंधार असतो. आत्या वळशानंच जाते, सोपान म्हणाला. मामांचा हात बरा नाही, त्यामुळं ती एकटीच जाते. तिची दोन कोकरं थंडीनं गेली.

कपाट उघडलं की रिबीन दिसते. कपडे आता खुर्चीवर ठेवतो.

१८ फेब्रुवारी

सोहळा. फाटकाजवळच्या रोपांना काल टँकरनं पाणी मारलं, वरची वाळलीत पण तिथवर पाहुणे चढत नाहीत. मॅडमनी सांगितलं होतं पारंपरिक पोशाख. निर्मलेनं पेटीतून आज्याची घोंगडी काढून दिली. खांद्यावर टाकली आणि शिंकांनी डोळ्यांतून पाणी. पाहुण्यांना वाटलं मी भारावलोय.

आत्याला निरोप होता, मेंढरं घेऊन ये. आली. धुतलेलं लुगडं नेसून. मामा हात गळ्यात बांधून आले.

दिल्लीच्या साहेबांनी मेंढरांकडं बोट दाखवून मला काहीतरी विचारलं. मॅडमनी मराठीत सांगितलं, ही तुमची मेंढरं का? मी 'हो' म्हटलं नाही. मान हलवली. मान हलवण्याचे बरेच अर्थ होतात. साहेबांनी एक अर्थ घेतला आणि माझा हात हातात घेतला. मग मॅडमनी आत्यालाही तेच विचारलं.

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मामांनी तोंड उघडलं होतं. तिनं त्यांच्या चांगल्या हाताला धरलं आणि म्हणाली, व्हय बाई, भगूचीच हायेत समदी. आमी नुसती राखतो.

मला त्या क्षणी टेकडीखाली गाडून घ्यावंसं वाटलं. मग नाव पुकारलं म्हणून पुढं झालो.

चावी प्रदान केली. फोटो झाले. साहेब म्हणाले, आता मॅडम कुलूप उघडतील. म्हणजे आत्या. आत्यानं चावी घातली. फिरेना. मी फिरवली. फिरेना. शफी आला होता, त्यानं फिरवून बघितली आणि हळूच म्हणाला, भाऊ, ही घासताना चुकलीय, मूळची काढा. मूळची दुसऱ्या पँटीत, घरी. मी म्हटलं, उघडणं प्रतीकात्मकच होतं. साहेबांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि सगळे नाष्ट्याला गेले.

मेंढरं घेऊन आत्या वळशानं पाण्याला गेली. रिबिनीची चावी तिच्या हातात तशीच होती.

निश्चय: उद्या मूळ चावी नेऊन देणे आणि सगळं मनापासून बोलणे.

१९ फेब्रुवारी

ताप आल्यासारखं वाटतंय. थर्मामीटरमध्ये दिसत नाही.

१० मार्च

मनापासून बोलायला चांगला मुहूर्त हवा. गुढीपाडवा जवळ आला आहे. त्या दिवशी साखरगाठी घेऊन जाईन, पाया पडेन आणि चावी देईन. माफी हा शब्द वापरायचा की नाही, ते ठरवतो आहे. दोनदा आरशासमोर म्हणून बघितला. दोन्ही वेळा शिंक आली, घोंगडी पेटीत बंद असताना.

२३ मार्च

काल शनिवार, चाकणचा बाजार. आत्यानं सगळी मेंढरं विकली.

निर्मला सांगत होती. टेम्पोत चढवताना आत्या एकेकीला नावानं हाक मारत होती. मामा घराबाहेर आलेच नाहीत. निर्मला मदतीला गेली होती. मी म्हटलं, मला का नाही उठवलं? ती म्हणाली, सहा वाजले होते.

दुपारी मॅडमचा फोन. पाहणीचा अहवाल उत्कृष्ट आला. मेंढपाळ प्रतिनिधी म्हणून मला तीन वर्षं मुदतवाढ. निर्मलेला सांगितलं. तिनं विचारलं, आता कुणाचे? मी मेंढरंवाल्यांची घरं बोटांवर मोजायला बसलो. गावात कुणीच राहिलं नव्हतं.

२४ मार्च

सकाळी दार उघडलं तर अंगणात एक मेंढी. काळ्या तोंडाची. गळ्यात लाल रिबीन आणि ती न चालणारी चावी. शेजारी आत्या उभी.

मी चावीचं, पुण्याचं, बिबट्याचं, सगळं एकदम बोलायला गेलो, पण शिंका आल्या. ती थांबली. मग म्हणाली, एवढी ठेवली मागं, तुझ्यासाटी. त्या सायबापुढं तुजी हायेत म्हणून बसले रं मी. जल्मात असं खोटं बोलले नव्हते. एक तरी तुजी असू दे, म्हंजी तेवढं खरं व्हईल. बांधून ठिवू नको, पाण्याला नेत जा.

पाया पडायला वाकलो. ती वळली होती. मेंढी माझा पाय चाटत होती.

२५ मार्च

पहाटे उठलो. सहाला मूळ चावी घेऊन मेंढीला दोरीनं टेकडीकडं नेलं. सोपान फाटकाशी होता. म्हणाला, साहेब, वाटेनं न्या, चरू देऊ नका, तुमचाच नियम हाय. मी हो म्हटलं. कुलूप पहिल्या फेरीत उघडलं. फाटक सताड उघडं केलं. या वाटेनं तलाव अगदी जवळ.

मेंढी आत जाईना. ओढली, ढकलली, पाला दाखवला. पाय रोवून उभी. सोपान म्हणाला, तिला ही वाट म्हाईतच न्हाई आता, तिच्या मनानं जाऊ द्या. दोर सैल सोडला तर ती कुंपणाच्या कडेकडेनं निघाली, उसाकडं.

तिच्यामागं गेलो. हातात काठी नव्हती. तुटलेला फड, मग उभा ऊस, मग ओढा, मग आणखी ऊस. ऊस सळसळला की मी मेंढीच्या पुढं जायचो, मग मागं, मग पुन्हा पुढं. उन्हं वर आली. चप्पल तुटली. आत्या आणि मामा रोज या वाटेनं जाऊन परत यायचे.

तलावावर मेंढी पाणी प्याली. मी बांधावर बसलो. ही वाट एवढी लांब आहे, हे मीटिंगमध्ये कुणीच बोललं नव्हतं. बोलायला मीच होतो.